सायलेन्सर बदलला म्हणून शॉकअपचा क्लेम का फेटाळता?

पोलिसांनी पकडलेले, मोठा आवाज करणारे बाहेरचे सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यावरून रोडरोलर फिरवल्याचा व्हिडिओ आला की तो दिवसभरात बेळगाव, निपाणी, खानापूर, चंदगडच्या सगळ्या ग्रुपवर फिरतो आणि त्याच त्या दोन फळ्या भांडायला उभ्या राहतात. एक फळी म्हणते, बरं झालं, असल्यांची वॉरंटीपण रद्द करा. दुसरी म्हणते, गाडी आमची, पैसे आमचे, कंपनी वॉरंटी कशी नाकारते ते ग्राहक न्यायालयात बघून घेऊ. या भांडणात दोन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात कोंबले जातात. गाडीने रस्त्यावर किती आवाज करावा, हा मालक आणि सरकार यांच्यातला प्रश्न. गाडीत निघालेला दोष कोणी भरून द्यायचा, हा मालक आणि कंपनी यांच्यातला. माझे म्हणणे असे की बेकायदा आवाजाला कायद्यातला पुरेपूर दंड व्हावा, त्यात दयामाया नको. पण क्लेम नाकारायचा असेल तर तो बिघाड बदललेल्या सायलेन्सरमुळेच झाला हे कंपनीने लेखी दाखवावे. सायलेन्सरला हात लावला म्हणून अख्ख्या गाडीची वॉरंटी संपली, हे चालता कामा नये.

आवाजाचे आधी निकालात काढू, कारण तिथे शौकीन मंडळींचा बचाव फारच लंगडा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवा असे सांगतो. ८० ते १७५ सीसीच्या मोटरसायकलला ७७ डेसिबल आणि त्यावरच्या गाडीला ८० डेसिबल ही मर्यादा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, आणि तीन महिने लायसन्सला अपात्रता येते ती वेगळीच. कलम १८२अ(४) मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलामागे पाच हजारांचा दंड आहे. खटल्याऐवजी भरायची तडजोडीची रक्कम कलम २०० नुसार प्रत्येक राज्य आपापली ठरवते. त्यामुळे राज्यांच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच सायलेन्सरची पावती वेगळी फाटू शकते, पण गुन्हा तोच. ‘आवाज दाबणारी जाळी बसवलेली आहे, म्हणजे कायदेशीर आहे’ हेही खरे नाही. जाळी सहसा एका सहा मिलिमीटरच्या बोल्टवर अडकवलेली असते, ती काढायला पाच मिनिटे लागत नाहीत. स्वस्त डब्यातले काचतंतूंचे भरण तर तापून जळत जाते. नवा असताना गुणगुणणारा डबा काही हजार किलोमीटरनंतर ठणाणा करू लागतो तो म्हणूनच. आणि पीयूसी आहे म्हणून कोणी फुशारकी मारू नये. तिथे धूर तपासतात, आवाज मोजायचे यंत्रच नसते.

पण पहिल्या फळीचा अभ्यासही तितपतच. मोबाइलच्या ॲपने सायलेन्सरच्या तोंडाशी शंभरी दाखवली की ‘मर्यादा ८०, हा बघा १००’ म्हणून आरडाओरडा. ८० हा आकडा गाडी वेग घेत पुढून जात असताना साडेसात मीटरवरून मोजायचा असतो. अर्ध्या मीटरवरून साडेसात मीटरवर गेले की अंतर पंधरा पट होते आणि मोकळ्या जागेत नुसत्या अंतरानेच आवाज सुमारे २३ डेसिबलने उतरतो. तोंडाशी फोन धरून रेस केलेली कंपनीची गाडीसुद्धा नव्वदीच्या पुढे जाईल. दुसरा आवडता दाखला म्हणजे जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. ‘कोर्टाने मॉडिफिकेशनच बंद केलेय’ असे जो तो सांगतो. तो निकाल कलम ५२ वरचा होता, आणि मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील विसंगत होईल असे बदल करता येणार नाहीत असे त्यात म्हटले आहे. आरसीवर सायलेन्सरचा रकाना नसतो. आवाजाची मर्यादा मोडणाऱ्याला धरायला नियम १२० आणि कलम १९० पुरेसे आहेत. आणि यातला एकही नियम, एकही कलम वॉरंटीबद्दल अवाक्षर काढत नाही.

आता वॉरंटीकडे. सायलेन्सर बदलला की इंजिनात नेमके काय बदलते, यावर या वादात कोणी बोलतच नाही. नुसता मागचा डबा बदलणे वेगळे आणि बेंडपासून, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या पाइपापासून, सगळी लाइन बदलणे वेगळे. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ मानक आले, कार्बोरेटर जवळपास गेलाच, आणि बेंड पाइपात ऑक्सिजन सेन्सर येऊन बसला. हा सेन्सर धुरात उरलेला ऑक्सिजन पाहून साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सिग्नल देतो. एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण गाठले की तो ०.४५ च्या आसपास वरखाली होत राहतो. गाडी स्लोवर किंवा एका वेगाने चालत असताना ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, या सिग्नलवरून पेट्रोल कमीजास्त करतो, म्हणून थोडा मोकळा डबा लावला तरी तो सांभाळून घेतो. पण थ्रॉटल पूर्ण उघडला की बहुतेक गाड्यांचा ईसीयू सेन्सरकडे पाहत नाही, आधीच भरून ठेवलेल्या तक्त्यावरून पेट्रोल सोडतो. मोटरसायकलमध्ये आत येणारी हवा प्रत्यक्ष मोजणारे साधन सहसा नसते. थ्रॉटल किती उघडा, आरपीएम किती, दाब किती यावरून अंदाज. डब्याचा विरोध कमी झाला, हवा थोडी जास्त खेळू लागली, तरी तक्त्याला त्याचा पत्ता नसतो. मागे माणूस, दोन बाजूंना बॅगा आणि गोव्याकडून येताना चोर्ला घाटाचा चढ पूर्ण थ्रॉटलवर. अशा वेळी मिश्रण पातळ होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, तापमान चढते. नुसत्या डब्याने पडणारा फरक थोडा. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उडवून पूर्ण लाइन टाकली तर मोठा. कन्व्हर्टर काही मॉडेलांत बेंडमध्ये असतो, काहींत सायलेन्सरच्या पोटातच, त्यामुळे ‘मी फक्त डबा बदलला’ म्हणणाऱ्यानेही कधी नकळत कन्व्हर्टर काढून टाकलेला असतो.

खरा घात बहुतेक वेळा डब्याने होत नाही, बसवण्याने होतो. एक्झॉस्ट पोर्टच्या तोंडाशी दबून बसणारी गॅस्केटची रिंग असते, ती एकदा दबली की दबली. वीस-तीस रुपये वाचवायला जुनीच परत लावली की तिथून गळती सुरू. धुराचे ठोके लहरींसारखे जातात, दोन ठोक्यांच्या मध्ये दाब पडतो आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला वाटते मिश्रण पातळ झाले आणि तो पेट्रोल वाढवतो. म्हणजे मालक समजतो सायलेन्सरने गाडी तापते, प्रत्यक्षात प्लग कोळशासारखा काळा, ॲव्हरेज घसरलेले, आणि थ्रॉटल सोडला की न जळलेले पेट्रोल पाइपात पेटून फटफट. पुष्कळांना तीच फटफट आवडते, तो भाग वेगळा! नव्या बेंडला सेन्सरचे आटे पाडलेलेच नसले की सेन्सर वायरला लोंबकळत ठेवणारेही आहेत. उघड्या हवेतला सेन्सर कायम ‘पातळ, पातळ’ म्हणत राहतो, ईसीयू पेट्रोल ओतत राहतो, जादाचे पेट्रोल सिलिंडरची भिंत धुऊन ऑइलमध्ये उतरते.

आवळण्याचा क्रमही तितकाच महत्त्वाचा. सगळे नट-बोल्ट आधी हाताने सैल लावून घ्यायचे, मग पोर्टवरचे दोन नट आळीपाळीने थोडे थोडे, त्यानंतर मधला क्लँप आणि सगळ्यात शेवटी मागचे ब्रॅकेट. मागचे ब्रॅकेट आधी आवळले की सगळा ताण बेंडच्या फ्लँजवर येतो, आणि काही दिवसांत तिथली वेल्डिंग तडकते किंवा ॲल्युमिनियमच्या हेडमधला स्टड आट्यांसकट बाहेर येतो. गाडी दोन-तीनदा पूर्ण तापून थंड झाल्यावर नट पुन्हा तपासावे लागतात. रस्त्याकडेला उभ्याउभ्या डबा बदलणाऱ्यांपैकी किती जण गिऱ्हाइकाला परत बोलावून हे करतात?

हे सगळे इतके लांबवले ते एवढ्यासाठी की सायलेन्सर बदलणाऱ्याने काय गमावले हे त्यालाही कळावे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला, पिस्टनचा माथा वितळला, ऑक्सिजन सेन्सर गेला, कन्व्हर्टर निकामी झाला, हेडचे आटे गेले, पाइपाशेजारचे वायरिंग भाजले, चेक लाइट पेटून राहिला: यांतल्या कशालाही कंपनीने ‘नाही’ म्हटले तर सहसा तिचे खरे असते. ईसीयूचा तक्ताच बाहेरून बदलून घेतला असेल तर इंजिनाचा जवळपास कोणताही क्लेम करायला तोंड राहत नाही. पण पुढच्या शॉकअपचे ऑइल सील गळते, मीटरच्या काचेत पाणी जाते, स्टिअरिंगचा कोनसेट खडखडतो, हँडलवरचा स्विच चिकटतो, चाकाचे बेअरिंग आवाज करते, त्याचा सायलेन्सरशी काय संबंध? गावोगावच्या शोरूमच्या काउंटरवर मात्र उत्तर एकच ठरलेले असते: साहेब, सायलेन्सर बाहेरचा आहे, वॉरंटी व्हॉइड.

कंपन्यांच्या बाजूने तीन मुद्दे खरोखर वजनदार आहेत. एक, वॉरंटी हा करार आहे. ‘गाडीत फेरबदल केल्यास लागू नाही’ हे पुस्तकात छापलेले असते आणि आपण त्यावर सही केलेली असते. दोन, इंजिनातल्या बिघाडाचे कारण शोधणे किचकट आणि खर्चाचे असते. प्रत्येक शौकिनामागे कंपनीने तपासणी करत बसायचे तर तो खर्च शेवटी साध्या गाडीवाल्याच्या किमतीत चढणार. तीन, जो बदलच बेकायदा आहे त्याला संरक्षण कशासाठी द्यायचे? कायदा मोडणाऱ्याला कायद्याचा आधार कसा मागता येईल?

तिसऱ्यापासून सुरुवात करू, कारण तोच सगळ्यात जास्त टाळ्या घेतो. हेल्मेटशिवाय गाडी चालवणाऱ्याचा क्लेम शोरूम नाकारते का? पीयूसी संपलेल्याचा? ट्रिपल सीट पकडलेल्याचा? नाही, कारण त्या गुन्ह्याचा आणि बिघाडाचा संबंध नाही हे तिथे सगळ्यांना कळते. विम्याच्या बाबतीत तर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच हा धागा स्पष्ट केला आहे. खासगी वापराचा विमा असलेली गाडी भाड्याने चालवली जात असताना चोरीला गेली. विमा कंपनीने अट मोडल्याचे कारण दाखवून दावा फेटाळला. न्यायालय म्हणाले, चोरीच्या प्रकरणात तो अटभंग गैरलागू आहे, आणि ७५ टक्के रक्कम देण्याचा आदेश कायम ठेवला. पैशाच्या दाव्यात अट मोडल्याचा आणि नुकसानीचा संबंध पाहायचा, हे जर विम्याला लागू, तर वॉरंटीलाच का नाही?

दोन्ही प्रश्न एकाच वेळी कसे वेगळे ठेवता येतात याचे सर्वांत चांगले उदाहरण अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनचे आहे. २०१६ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेशी झालेल्या तडजोडीत या कंपनीने १.२ कोटी डॉलर दंड मान्य केला. तक्रार अशी की इंजिनाची जुळणी बदलून प्रदूषण वाढवणारे ट्यूनर ती स्वतःच विकत होती. आणि २०२२ मध्ये त्याच कंपनीला तिथल्या व्यापार आयोगाने फटकारले, कारण बाहेरचे पार्ट किंवा बाहेरची दुरुस्ती केल्यास वॉरंटी जाईल असे तिच्या अटींतून सूचित होत होते. प्रदूषणाबद्दल कडक आणि वॉरंटीबद्दल ग्राहकाच्या बाजूने, यात तिथे कोणाला विसंगती वाटली नाही. त्यामागे १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे, आणि त्यातही बाहेरच्या पार्टमुळेच जे नुकसान झाले ते कंपनीने भरावे असे कोणी म्हणत नाही. त्याच्याही आधी, १९६८ मध्ये, टेलिफोन कंपनीने ‘आमच्या तारेला परके यंत्र जोडाल तर जाळे बिघडेल’ म्हणून घातलेली सरसकट बंदी तिथल्या दळणवळण आयोगाने कार्टरफोन प्रकरणात उडवून लावली. जाळ्याला अपाय होत नसेल तर मनाई कशाची, एवढाच सवाल होता.

परदेशाचे दाखले आपल्याला काय कामाचे, असे कोणी म्हणेल. मग घरचा घ्या. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्या आदेशात असे सांगितले की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. चुकीच्या कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. त्यावर अपिले झाली, दंडाच्या रकमेवरून घोळ चालला. शिवाय तो आदेश चारचाकीचा आहे आणि दुरुस्तीबद्दल आहे, फेरबदलाबद्दल नाही. तो जसाच्या तसा सायलेन्सरला चिकटवणारे चूक करतात. पण ‘जेवढे नुकसान तेवढाच नकार’ या तत्त्वात असे काय आहे, जे दोन चाकांवर आल्यावर खोटे ठरते? बेळगावकरांना तर हे नवे वाटू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथे सायकलचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात. कुठली जमीन, किती नासली, हे कोणीही दाखवले नव्हते. ‘बाहेरचा पार्ट लागला की गाडी नासते’ हे त्याच जातीचे विधान आहे, आणि तेही उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत लेथ आणि वेल्डिंगवर पिढ्या पोसलेल्या गावात ऐकून घ्यायचे!

कराराचा मुद्दा घ्या. पुस्तिका इंग्रजीत, बारीक टाइपात, आणि ती हातात येते गाडीचे पैसे भरून झाल्यावर. त्यातली अट खोडून मागायची सोय कोणाला असते? एकतर्फी करारांचा हा प्रकार ओळखूनच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही संकल्पना आली. खर्चाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, पण पूर्वी होते तेवढे नाही. अनेक बीएस-६ गाड्यांत बिघाड नोंदला जातो त्या क्षणी आरपीएम, तापमान, थ्रॉटल यांची नोंद ईसीयूत राहते. स्कॅनर शोरूमकडे असतो, गाडीवाल्याकडे नसतो. बिघाडाचा कोड वाचणे, प्लग काढून तो काळा आहे की पांढराफटक ते पाहणे, पोर्टशी काजळीचा ओघळ आहे का ते पाहणे, याला अर्धा तास पुरे. आणि शॉकअपच्या सीलला तर तेवढेही नको. ज्याच्या हातात साधन, पुरावा देण्याचे ओझे त्याच्यावर.

इथे शौकिनांच्या एका सवयीबद्दल बोलायलाच हवे. सर्व्हिसिंगच्या आदल्या रात्री मूळ सायलेन्सर परत बसवून जायचे, ही युक्ती सर्रास चालते. ती अप्रामाणिक तर आहेच, शिवाय मूर्खपणाची. बेंडवरचा निळा-सोनेरी रंग, क्लँपचे जुने वळ, सेन्सरच्या नटावरचे पान्याचे ओरखडे, ईसीयूने शिकून ठेवलेली पेट्रोलची दुरुस्ती, हे सगळे तिथेच असते. एकदा लपवाछपवी उघड झाली की रास्त क्लेमही मातीत जातो. बदल केला असेल तर जॉबकार्डवर तसे स्वतःच लिहून द्यावे. मूळ सायलेन्सर आणि मूळ गॅस्केट-ब्रॅकेट जपून ठेवावे, बसवणाऱ्याकडून पार्टचे नाव असलेले पक्के बिल घ्यावे आणि त्या दिवशीच्या मीटरच्या आकड्यासह फोटो काढून ठेवावा. डब्यावर लेझरने कोरलेल्या ‘ई’ चिन्हावर विसंबू नये. युरोपातली ती मान्यता ठरावीक मॉडेलपुरती आणि जाळीसकट असते, आणि कोरणारे यंत्र कोणीही विकत घेऊ शकतो. खरे तर मागणी असायला हवी ती अशाच पक्क्या मान्यतेची: मॉडेलनिहाय तपासलेला, जाळी न निघणारा सायलेन्सर, आणि त्यावर हेल्मेटला असतो तसा सरकारी शिक्का. जून २०२१ पासून शिक्क्याशिवायचे हेल्मेट विकता येत नाही. मग आवाज आणि धूर दोन्ही मर्यादेत ठेवणाऱ्या सायलेन्सरलाही प्रामाणिक वाट का नको?

तोवर क्लेम नाकारला गेला तर काउंटरवर हुज्जत घालू नये. जॉबकार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी आणि ‘वॉरंटी व्हॉइड’ या दोन शब्दांवर न भागवता कोणता पार्ट, कोणता दोष, सायलेन्सरशी त्याचा संबंध कसा, कोणता कोड आला, हे लेखी मागावे. लेखी मिळाले नाही तर तीच मागणी कंपनीला ई-मेलने करावी. उत्तर न येणे हाही पुढे पुरावा होतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करावी. सीमाभागातल्या माणसाला २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय दिली आहे. गाडी कोल्हापूरच्या शोरूमची असो की पणजीची, तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे खानापूरच्या माणसाला बेळगाव आणि चंदगडच्या माणसाला कोल्हापूर. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. फक्त अर्जात एक काळजी घ्यावी. ‘ही अटच अनुचित आहे, ती रद्द करा’ अशी मागणी केली तर ते प्रकरण राज्य आयोगाच्या अधिकारात जाते. शॉकअपच्या सीलसाठी राज्य आयोगाच्या खेपा घालायच्या नसतील तर अटीच्या वाटेला जाऊ नये. सायलेन्सरशी संबंध नसलेला दोष विनाकारण दुरुस्त करायला नाकारला, ही सेवेतली त्रुटी आहे, एवढेच लिहावे आणि सोबत तो लेखी नकार जोडावा.